वडिलांची १९७८ची पद्मिनी : जशी होती तशी उभी करावी की इंजिनासकट बदलावी?

बाळीवेस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती १९८६ साली इथे सोलापुरातल्याच एका डॉक्टरांकडून घेतली. पूर्व भागात आमचा टॉवेलचा कारखाना होता. मागची सीट काढून टॉवेलचे गठ्ठे हिच्यातूनच पेढीवर जायचे आणि गुरुवारी सीट परत बसवून सगळं घर अक्कलकोटला. वडील गेले, माग विकले, शेड उरली आणि शेडमध्ये गाडी उरली. कोरोनाच्या आधीपासून ती चालू केलेली नाही.

आजची अवस्था अशी. इंजिन हँडल लावून हाताने फिरतं. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याला भोकं आहेत, मॅट उचललं की शेडची फरशी दिसते. वायरिंग उंदरांनी खाल्लंय. डावं मागचं मडगार्ड कधीतरी ठोकून लांबी (पुट्टी) भरून घेतलेलं. ग्रिल, मीटर, काचा, दारांच्या मुठी मात्र सगळ्या जागच्या जागी. रंग मरून. आरसी (नोंदणीचा कागद) अजून वडिलांच्या नावावर.

धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्याच्या ओळखीतल्या एका मॉडिफिकेशनवाल्याने सांगितलंय की दुसऱ्या कंपनीचं १३०० सीसी इंजेक्शन इंजिन बसवू, पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, एसी, अलॉय व्हील. बाहेरून जुनी फियाट, म्हणजे पद्मिनीच, आतून आजची गाडी. इथले आमचे जुने मिस्त्री म्हणतात, इंजिनाला हात लावू नका, तेच उघडून करून देतो.

रोज वापरायची नाही. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, घरातली लग्नं आणि वर्षातून एखाद वेळी पुणे. आई सत्तरीच्या पुढे आहे, तिला यात बसून तुळजापूरला जायचंय. भावाचं म्हणणं मला खोटं वाटत नाही आणि मिस्त्रींचंही नाही. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

सातरस्ता

दादा, भावाचं ऐका. मी स्वतः मूळ गाड्यांचा आदर करतो, पण तुमचा वापर बघा. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा ४२च्या पुढे, एसी नाही, काकू मागे बसलेल्या. पुणे रस्त्यावर शेजारून लक्झरी बस आणि ट्रेलर जातात. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी आणि समोर डिस्क-एबीएसवाली गाडी असेल, तर समोरची थांबते तिथे आपली थांबत नाही. हा जिवाचा प्रश्न आहे.

दुसरं, पार्टचं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तोवर मुंबईत टॅक्सीसाठी पार्ट बनत होते आणि भंगारातही येत होते. आता तो झरा आटायलाय. दहा वर्षांनी मूळ इंजिनाला काही झालं तर काय करणार? आजच्या इंजिनाचे पार्ट दुकानात मिळतात. गाडी चालली तरच ती वडिलांची गाडी. शेडमध्ये चमकवून ठेवली तर तिचा उपयोग कुणाला?

पूर्वभाग_पत्रा

मालक, मी डेंटिंगचं काम करतो, आमचे वडीलबी हेच करायचे. इंजिनाचं भांडण नंतर करा. आधी पत्रा बघा.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते. फरशी, दाराखालचे रनिंग बोर्ड, मधला बोगदा, पुढची भिंत हे सगळं मिळून गाडी उभी असते. पायाखाली भोक पडलंय म्हणजे कार्पेट फाटलं असं समजू नका, गाडीचं हाड गेलंय. आता असल्या गाडीत दुप्पट ताकदीचं इंजिन टाकलं तर काय होईल? दार लागणार नाही, काच तडकंल, बोगद्यापाशी टाका उलंल. त्यामुळं मॉडिफाय करा नाहीतर ओरिजिनल करा, पत्र्याचं काम दोन्हीकडं सारखंच हाय. अन् सगळ्यात जास्त पैसा अन् वेळ तिथंच जातो. त्या पुण्याच्या माणसानं पत्र्याचं किती धरलंय ते विचारा. धरलंच नसंल तर तो वरून चादर टाकून देणार.

बघायचं कसं सांगतो. एक चुंबक घ्या, रंगाला चरा पडू नये म्हणून फडक्यात गुंडाळा, सगळ्या बॉडीवरनं फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं खाली लांबी हाय. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली जा अन् रनिंग बोर्ड, बॅटरीची पाटी, डिक्कीतली स्टेपनीची जागा, पुढच्या मडगार्डची वरची कड, हेडलाइटची वाटी, सगळीकडं टोचा. आत गेला तर पत्रा संपलाय. दार अर्धं उघडून खालून वर उचला. हललं तर बिजागिरीची पिन गेली, नाहीतर खांब गेला. पिन गेली तर सोपं, खांब गेला तर अवघड.

सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळं मुंबईच्या गाडीपेक्षा तुमची शंभर पटीनं बरी असणार. पण शेडला गळती होती का? पाणी छतावरनं नाही मारत, मॅटखाली साचून मारतं.

बाळीवेस

अण्णा, गळती होती. दोन पावसाळे मॅट ओलं होतं असं शेजारचे सांगतात. रविवारी सगळं उचलून बघतो.

कागदपत्रवाले

पत्र्याच्या आधी कागद, असं माझं मत. मी बरीच वर्षं आरटीओची कामं बघतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट नाव. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. नियमाने हे तीन महिन्यांत व्हायला हवं होतं, उशिराचा दंड भरावा लागेल. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, विमा, पीयूसी. आई आणि भाऊ दोघांची सही लागेल, म्हणजे काय करायचं ते घरात एकदा ठरवूनच घ्या. पत्ता बदलला असेल तर तेही याच वेळी उरका.

दुसरी गोष्ट नूतनीकरण. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, फॉर्म २५. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज देता येतो. ऑगस्ट २०२५च्या नव्या दरांप्रमाणे २० वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये फी आहे, पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली की खासगी मोटारीला महिन्याला ५०० रुपये. गाडी समक्ष न्यावी लागते आणि ती आरसीप्रमाणे असावी लागते. हे शेवटचं वाक्य नीट वाचा.

तिसरी आणि मुख्य गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला कलम १८२-अ लागतं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच जातीचं इंजिन बदलायचं असेल तर आधी परवानगी घेऊन नंबर आरसीवर चढवता येतो. दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या सीसीचं इंजिन हा वेगळाच विषय. मॉडिफिकेशनवाले म्हणतात "कोण बघतंय", पण नूतनीकरणाला निरीक्षक बॉनेट उघडून इंजिन नंबर बघतोच. आणि अपघात झाला, समोरच्याला लागलं, तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच शोधते.

चौथी गोष्ट तुमच्या गाडीपुरती. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. तुमची गाडी १९७८ची, २०२८ला पन्नास भरतात. आज इंजिन बदललंत तर हे दार कायमचं बंद.

सातरस्ता

काका, पण व्हिंटेज नोंदणी केली तर ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही ना? मग काकूंना तुळजापूरला कसं नेणार?

कागदपत्रवाले

बरोबर पकडलंत. व्हिंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. नियमित वापर आणि धंदा दोन्ही बंद. म्हणून यांनी २०२८ला व्हिंटेज करावीच असं मी म्हणत नाही. साधी नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवत राहा आणि हवं तिथे फिरा. पुढे मुलांना वाटलं तर त्यांनी व्हिंटेजला द्यावी. मूळ राखली तर दोन्ही वाटा उघड्या, बदलली तर एकही नाही. साध्या नोंदणीचीही नाही.

नान्नजचा_पप्पू

इलेक्ट्रिक किट बसवता येईल का? पेट्रोलची कटकटच नको.

कागदपत्रवाले

कायद्यात इंधन बदलायची सोय आहे, सीएनजी, एलपीजी, बॅटरी सगळ्याची. पण किट त्या मॉडेलसाठी एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने मंजूर केलेलं हवं आणि बसवणाराही अधिकृत हवा. घरी जुळवलेली मोटर-बॅटरी चालत नाही.

फियाट_कोथरूड

माझ्याकडे १९८२ची पद्मिनी आहे, चालती. थोडं इंजिन आणि ब्रेकबद्दल लिहितो, कारण सातरस्ता यांचे मुद्दे झटकून टाकण्यासारखे नाहीत.

हे १०८९ सीसीचं इंजिन फियाट ११००चं. प्रीमियरने ही गाडी १९६४पासून कुर्ल्याला बनवली, पद्मिनी हे नाव १९७४च्या सुमाराचं, आणि उत्पादन २०००च्या आसपास थांबेपर्यंत मूळ रचना तीच. ताकद ४० अश्वशक्तीच्या घरातली. ६०-७०ला ती दिवसभर चालते, ९०ला ती चालवणाऱ्याला आणि स्वतःला दोघांना त्रास देते. तुळजापूरचा घाट खालच्या गिअरमध्ये शांतपणे चढते. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटरला पाच-सहा तास धरायची तयारी असेल तर या इंजिनात काही कमी नाही. चार तासांत पोचायचं असेल तर घरातली दुसरी गाडी घ्या. पद्मिनीला ते ओझं देऊ नका.

उन्हाचा खरा त्रास वेगळा आहे. पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला. मे महिन्यात सिग्नलला दहा मिनिटं थांबलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही, गाडी बंद. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे ते यासाठी. उपाय सोपा : टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप, त्याला ऑइल प्रेशरचा कटआउट, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद. मूळ पंप जागेवर राहू द्या. रेडिएटर उघडून साफ करून घ्या, कोअर गेला असेल तर नवा भरून घ्या. पुढे इलेक्ट्रिक पंखा लावला तर शहरात गाडी तापणार नाही. सोलापूरचं पाणी जड आहे, रेडिएटरला बोअरचं पाणी कधीच नको, कूलंटच.

पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. जुने रबर पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग हे त्याने फुगतं आणि सुटतं. सगळे पाइप नव्या प्रतीचे घाला. टाकी काढून धुऊन घ्या, आत जुन्या पेट्रोलचा डिंक असणार. गाडी उभी राहणार असेल तर टाकीत महिनोन्महिने पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

ब्रेक. ड्रम वाईट नसतात, दुर्लक्षित ड्रम वाईट असतात. व्हील सिलिंडरचे रबर, होज, लोखंडी पाइप, लायनिंग सगळं नवं. ड्रम लेथवर घासून गोल करून घ्या. मास्टर सिलिंडर एकाच लाइनचा असेल तर एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात, तिथे दोन लाइनचा बसवणं मी सुधारणा मानतो, बिघाड नाही. जोडीला बूस्टर. एवढं केलं आणि वेग ६०-७० ठेवला, अंतर राखलं, तर गाडी थांबते. डिस्कसाठी दुसऱ्या गाडीचा हब अडॅप्टर करून बसवतात. तो अडॅप्टर कुणी, कोणत्या पोलादाचा, कोणत्या लेथवर केला यावर तुमच्या आईचा जीव असेल. मी ते करणार नाही.

याशिवाय जे मी डोळे झाकून करीन : डायनॅमो असेल तर त्याजागी अल्टरनेटर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले, पुढे-मागे सीट बेल्ट, सगळं वायरिंग फ्यूजसकट नवं. हे सगळं बोल्ट उघडून परत काढता येतं. पत्रा कापावा लागला की थांबायचं, एवढी एक रेघ मी माझ्या गाडीसाठी आखली आहे.

सातरस्ता

कोथरूड दादा, ब्रेकचं पटलं. एसीचं अजून नाही. मागे बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मेमध्ये काय?

फियाट_कोथरूड

डॅशखाली लावायचा एसी त्या काळीही लोक बसवून घेत. कंप्रेसरचा ब्रॅकेट इंजिनाला बोल्टने लागतो. पण ४० अश्वशक्तीतून कंप्रेसर चालवला की घाटात गाडी जाणवण्याइतकी मंद होते आणि रेडिएटरवर भार वाढतो. अल्टरनेटर नसेल तर विषयच नाही. मी म्हणेन, आधी गाडी एक उन्हाळा एसीविना चालवा. पहाटे पाचला निघालात तर तुळजापूर पाऊण-एक तासाचा रस्ता आहे, ऊन चढायच्या आत परत याल.

होटगीरोड

मी गाड्यांमधली जाणकार नाही, पण आमच्या घरी एक अनुभव आहे म्हणून लिहिते.

वडिलांची अॅम्बेसेडर भावाने मूळ रूपात आणली. मूळ म्हणजे अगदी कंपनीतून निघाली तशी. रंग फॅक्टरीचा, सीट क्रीम रंगाची, मीटरच्या काचा नव्या. काम अप्रतिम झालं. आई बसली, हात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे, कुणाची?" बाबांनी लावलेला पंखा काढला होता. मागच्या सीटवर आमची टेंभुर्णीची चादर असायची ती गेली. दारावर आम्ही लहानपणी नखाने कोरलेली अक्षरं रंगाखाली गेली. भाऊ चुकला असं मी म्हणणार नाही, त्याने मनापासून केलं. पण आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही की मूळ कोणत्या सालचं.

बाळीवेस दादा, तुमची गाडी १९७८ला डॉक्टरांकडे जशी होती तशी हवी, की १९८६नंतर वडील चालवायचे तशी? तुम्ही लिहिलंय की मागची सीट काढून गठ्ठे नेत. मग त्या सीटचे बोल्ट, गठ्ठ्यांनी घासलेला पत्रा, वर कॅरिअर असेल तर तो, हे सगळं तुमच्या घरासाठी मूळच आहे. काम सुरू व्हायच्या आधी आईला गाडीत बसवा आणि विचारा काय काय राहू द्यायचं. आणि सुटा होणारा प्रत्येक भाग काढायच्या आधी फोटो काढा.

पूर्वभाग_पत्रा

ताईचं खरं हाय. आमच्याकडं गिऱ्हाईक येतंय, म्हणतंय सगळं नवं करा. काम झाल्यावर तेच जुना भाग परत मागतंय. तवर तो भंगारात गेलेला असतोय.

बाळीवेस

सगळ्यांचे आभार. रविवारी अण्णांनी सांगितल्याप्रमाणे बघितलं. अण्णा स्वतः आले, पैसे घ्यायला तयार नव्हते, आईने भाकरी आणि शेंगा चटणीवर बसवलं तेव्हा कुठे थांबले.

ड्रायव्हरच्या बाजूची फरशी पुढून मागेपर्यंत गेली आहे. डावीकडची वाचली. उजव्या रनिंग बोर्डात स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला, डाव्यात नाही. बॅटरीची पाटी संपली. दारांचे खांब घट्ट आहेत, फक्त ड्रायव्हरच्या दाराची पिन झिजली. डिक्की चांगली. डाव्या मडगार्डवर चुंबक कुठेच चिकटत नाही, नुसती लांबी. पुढची भिंत आणि तिथला चासी नंबर स्वच्छ आहे. अण्णा म्हणाले, काही झालं तरी या भिंतीला वेल्डिंग लावू देऊ नका.

मिस्त्रींनी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, मग हँडलने फिरवून कॉम्प्रेशन बघितलं. तीन सिलिंडर जवळजवळ सारखे, एक कमी. त्यांच्या मते व्हॉल्व्ह बसत नसेल, हेड उतरवून बघू. क्रँकपर्यंत जायची वेळ बहुतेक येणार नाही.

भावाला पुण्याच्या माणसाला विचारायला लावलं की पत्र्याचं किती धरलंय. उत्तर आलं, "फायबर शीट टाकून घेऊ." भाऊ स्वतःच म्हणाला, राहू दे.

आईला गाडीत बसवलं. होटगीरोड ताई, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तिने तीन गोष्टी सांगितल्या : वरचा कॅरिअर राहू द्या, मागच्या सीटची पट्टी राहू द्या जिला धरून ती बसायची, आणि रंग मरूनच. वडिलांनी मरून रंग माझ्या बारशाच्या वर्षी दिला होता, हे मला आजवर माहीत नव्हतं.

आता अडचण अशी की आरसीवर रंग राखाडी आहे. कागदपत्रवाले काका, हे कसं?

कागदपत्रवाले

रंग आरसीवर लिहिलेला असतो, तो बदलला की नोंद करून घ्यावी लागते. तुमच्या वडिलांनी ती करून घेतली नसावी. नाव बदलायचा अर्ज देताना चौकशी करा, रंगाची नोंद त्याच वेळी होत असेल तर बरं. रंगकाम आधी उरकून मग नोंद मागायला जाऊ नका, क्रम उलटा ठेवा. व्हिंटेजचा विचार पुढे केलात तर मूळ राखाडी जास्त धरला जाईल, हे लक्षात असू द्या. तरी रंग ही परत बदलता येणारी गोष्ट आहे. कोथरूड यांच्या रेघेत बसते.

फियाट_कोथरूड

मरून करा. आतल्या बाजूला, डिक्कीत आणि बॉनेटखाली जिथे मूळ राखाडी शिल्लक असेल तो खरडू नका, तसाच राहू द्या. पुढे कुणाला मूळ छटा जुळवायची झाली तर तेवढा तुकडा पुरतो.

सातरस्ता

मी माझं मत बऱ्यापैकी बदललं. फायबर शीटचं वाचून तर पूर्णच. एक मात्र अजून म्हणेन, सीट बेल्ट आणि दोन लाइनचा मास्टर सिलिंडर यावर पैसे वाचवू नका. क्रोम पुढच्या वर्षी झालं तरी चालेल.

बाळीवेस

दादा, तेच ठरवलंय. क्रम असा : आधी कागद, फॉर्म ३१ याच महिन्यात. मग अण्णांकडे उजवी फरशी, रनिंग बोर्ड, बॅटरीची पाटी. फरशीचे पत्रे तयार मिळत नाहीत, अण्णा त्याच जाडीचा पत्रा वाकवून, मूळच्यासारख्या नळ्या ठोकून करणार. मडगार्ड शोधायचं, सापडलं नाही तर लांबी काढून जुनंच ठोकून सरळ करायचं. त्यानंतर ब्रेक, टाकी, पाइप, वायरिंग. मग हेड. इंजिन तेच, नंबर तोच. इलेक्ट्रिक पंप, अल्टरनेटर, इग्निशन, रिले, बेल्ट घालणार. निघालेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून पेटीत. एसी नाही, अलॉय नाही. रंग सगळ्यात शेवटी.

आता विनंती : डावं मागचं मडगार्ड, दारांची रबर बीडिंग आणि किंगपिनचा (पुढची चाकं जिच्यावर वळतात त्या पिनचा) सेट कुठे मिळेल?

फियाट_कोथरूड

किंगपिन आणि ब्रेकचे रबर अजून मिळतात, त्याची काळजी नको. कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याचा जुना बाजार, आणि कोइमतूरला या गाड्यांवर काम करणारे बरेच आहेत, ते कुरिअर करतात. मडगार्ड अवघड. टॅक्सीचं मिळालं तर घ्या, पण पाठवायच्या आधी खालच्या कडेचा फोटो मागवा, मुंबईच्या खाऱ्या हवेत पहिल्यांदा तीच कड जाते. काम सुरू करायच्या आधी सगळे पार्ट हातात असू द्या. उघडी गाडी पार्टची वाट बघत उभी राहिली की गॅरेजवाल्याचा हात तिच्यावरून उठतो.

नान्नजचा_पप्पू

आमच्या मामांच्या शेतात, नान्नजच्या पुढे, एक पद्मिनी उभी आहे. इंजिन नाही, पुढून ठोकलेली, पण मागची बाजू शाबूत. कागद नाहीत म्हणून कुणी घेत नाही. मडगार्ड डावं आहे का ते बघून सांगतो.

पूर्वभाग_पत्रा

पप्पू, नुसतं बघून येऊ नको. चुंबक घेऊन जा. अन् चांगलं निघालं तर स्वतः कापू नका, मला बोलवा, मी टाके उघडून अख्खं काढतो. ग्राइंडर मारला की कड कमी पडती अन् मग परत लांबीच भरावी लागती.

नान्नजचा_पप्पू

डावं आहे अण्णा, चुंबक खालपर्यंत चिकटतंय. मागच्या दाराचं रबर पण बरं दिसतंय. मामा म्हणाले घेऊन जा, पण ज्वारी काढून झाल्यावर या, आता टेम्पो आत येणार नाही.

बाळीवेस

ज्वारी झाली की कळव रे पप्पू. अण्णा आणि मी दोघं येतो. तोवर फॉर्म ३१वर आईची आणि भावाची सही झाली आहे, सोमवारी अर्ज देतोय.